जीप घ्यावी का? आधी इंजिन कोणतं ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डेट्रॉइटजवळ नोकरी लागली आहे आणि १२,००० डॉलरच्या आसपास जुनी जीप घ्यायची आहे, रँग्लर किंवा ग्रँड चेरोकी. ऑफिसातल्या एकाची जीप ३ लाख मैलांच्या जवळ आली तरी रोज कामावर येते. दुसऱ्याने दोन वर्षांत विकून टाकली आणि तो जीपचं नावही काढू देत नाही. साताऱ्याहून बाबा फोनवर सांगतात, "जीपसारखी दणकट गाडी नाही, डोळे झाकून घे." आणि विश्वासार्हतेच्या सर्वेक्षणांवर किती भरवसा ठेवायचा, हेही तुम्ही विचारलं आहे.

डोळे झाकून घेऊ नका. पण दुसऱ्या सहकाऱ्याचं ऐकून नादही सोडू नका. आधी दोघांना एवढंच विचारा: तुझी जीप कोणत्या सालची, आणि तिच्यात इंजिन कोणतं? मी बावीस वर्षं मिशिगनमध्ये गाड्या दुरुस्त करतोय. माझा अंदाज असा की पहिल्याच्या बोनेटखाली ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन असेल आणि दुसऱ्याच्या गाडीचं साल २०११ ते २०१४च्या मधलं असेल. दोघांच्याही गाडीवर नाव जीपच, पण त्या दोन गाड्यांत एक बोल्टसुद्धा सारखा नसेल.

हे असं का, ते समजायला थोडा इतिहास लागतो. मी तो हौसेने सांगत नाही. जीप विकत घेताना जितका उपयोगी पडतो तितका इतिहास दुसऱ्या कुठल्या गाडीच्या बाबतीत पडत नाही.

१९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना कळवलं की आम्हाला हलकी, चारही चाकांना ओढ असलेली टेहळणीची गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. एवढ्या कमी मुदतीत नमुना देण्याची हमी एकट्या बँटमने घेतली. ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची छोटी कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरने काही दिवसांत नकाशे काढून दिले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, ती गाडी बाल्टिमोरच्या कॅम्प होलाबर्डमध्ये दाखल झाली. पण लष्कराला हजारोंनी गाड्या हव्या होत्या आणि बँटमची ती ताकद नव्हती. ओहायोतल्या टोलीडोच्या विलिस-ओव्हरलँडकडे मात्र बार्नी रूस यांनी घासूनपुसून घडवलेलं ६० अश्वशक्तीचं 'गो डेव्हिल' इंजिन होतं, आणि बाकीच्यांपेक्षा ते कितीतरी जोरकस होतं. मोठं कंत्राट विलिसला मिळालं. तेही पुरेना म्हणून त्याच नकाशांवर फोर्डनेही जीप बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून ६ लाखांवर गाड्या रस्त्यावर आल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम २,७०० आल्या आणि पुढे ती कंपनी ट्रेलर बनवत राहिली. गाडीला जन्म देणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. आराखडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, पुढची पत्र्याची जाळी फोर्डने काढलेली, आणि नाव मात्र एकच. जीपचा जन्मच असा झाला आणि तिचं पुढचं आयुष्यही असंच गेलं. विलिस १९५३ साली कैसरने घेतली. १९७० साली जीप अमेरिकन मोटर्सकडे, म्हणजे एएमसीकडे गेली. एएमसीत पुढे फ्रान्सच्या रेनोने पैसा घातला. १९८७ साली क्रायस्लरने एएमसी विकत घेतली, आणि त्या सौद्यात क्रायस्लरचा डोळा होता तो जीपवरच. १९९८ साली क्रायस्लर जर्मनीच्या डाइम्लरशी जोडली गेली, २००७ साली एका गुंतवणूक कंपनीच्या हातात गेली, २००९ साली दिवाळखोरीत निघाली आणि इटलीच्या फियाटने तिला हात दिला. २०२१ पासून हे सगळं स्टेलँटिसच्या छताखाली आहे. मालक बदलले तसे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि पुरवठादारही बदलले. टोलीडो मात्र सुटलं नाही. तिथे १९४१ पासून जीप बनते आहे आणि रँग्लर अजूनही तिथूनच निघते. तुमच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर आहे, एकदा जाऊन या.

आता बाबांच्या जीपबद्दल. ती ते चुकीची सांगत नाहीत, पण ती ही गाडी नाही. महिंद्राने १९४७ साली मुंबईत माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीप जोडायला घेतल्या आणि पुढे ती गाडी आपल्याकडेच रुजली. तहसीलदाराची जीप, इरिगेशनची जीप, आमच्या सांगली-सातारा भागात माणसं लोंबकळत नेणारी वडाप जीप, या सगळ्या त्याच कुळातल्या. नंतर त्यांत प्यूजोच्या बनावटीचं डिझेल इंजिन आलं. साधी गाडी होती. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, दोन पाने आणि एक पक्कड घेऊन ती चालू करता यायची. आपल्या मनातला 'दणकट' हा शब्द त्या साधेपणातून आला आहे. अमेरिकेतली जीप १९८०च्या दशकातच त्या वाटेवरून दूर गेली होती. इतकी दूर, की महिंद्राने २०१८ साली त्याच जुन्या घडणीची रॉक्सर मिशिगनमध्ये, ऑबर्न हिल्सला, जोडून विकायला काढली तेव्हा फियाट क्रायस्लरने 'हे आमचं रूप आहे' म्हणून तक्रार केली. २०२० साली निकाल क्रायस्लरच्या बाजूने लागला आणि महिंद्राला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. एकाच आजोबांची दोन नातवंडं आजोबांच्या चेहऱ्यावरून भांडावीत, तसं ते भांडण होतं. (पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून जी कंपास बनते ती पुन्हा वेगळी, फियाटच्या घराण्यातली. बाबांनी रस्त्यावर ती पाहिली असेल तर तिच्यावरूनही अंदाज बांधू नका.)

आता मुद्द्याचं. जीपचं जे चांगलं नाव आज कानावर येतं त्यातलं बरंचसं एका इंजिनाने मिळवलेलं आहे. ४.० लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात बेअरिंग, जुन्या पद्धतीचे पुशरॉड आणि टायमिंगची आखूड साखळी. मूळ एएमसीचं घराणं. हे रूप १९८७च्या मॉडेलात आलं आणि २००६च्या रँग्लरबरोबर संपलं. ताकद सुरुवातीला १७३ अश्वशक्ती, १९९१ पासून १९०. आजच्या हिशेबाने काहीच नाही, पण ते इंजिन स्वतःला कधी ताण देत नाही. त्याला ऑइल आणि पाणी मिळालं तर ते माणसाची परीक्षा पाहत नाही. माझ्याकडे एक शाळेच्या बसचे ड्रायव्हर त्यांची १९९८ची चेरोकी (हे ग्रँड चेरोकीहून वेगळं मॉडेल) आणतात. २,८७,००० मैल झालेत, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अजून एकदाही उघडलेलं नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये वही आहे. दर ३,००० मैलांना ऑइल, तारीख आणि मैल, पेन्सिलीने, एकाच अक्षरात. ती वही चाळताना मला नेहमी वाटतं की ते ३ लाख मैल निम्मे इंजिनाचे आहेत आणि निम्मे त्या वहीचे.

पण याच चेरोकीत, म्हणजे एक्सजे या पिढीत, तुम्हाला जीपचा सगळा स्वभाव दिसेल. ऑटोमॅटिक घेतली तर बहुतेकांत जपानच्या आयसिनचा गिअरबॉक्स, जवळजवळ न मरणारा. १९८७ ते १९८९च्या सुमाराची मॅन्युअल घेतली तर प्यूजोचा गिअरबॉक्स, आणि ४.०च्या ताकदीपुढे तो टिकत नाही. तेच मॉडेल, तोच कारखाना, तेच इंजिन, आणि दोन मालकांची दोन मतं. २०००-२००१च्या गाड्यांत ज्या हेडवर ०३३१ हा आकडा ओतलेला असतो त्याला तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरच्या मधल्या जागेत तडा जातो आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायचं झाकण काढून आतून पाहा. दुधाळ साका दिसला तर आभार मानून घरी या. व्हॉल्व्ह कव्हर आणि मागच्या सीलमधून ऑइल पाझरणं हे या इंजिनाचं कायमचं दुखणं आहे, त्याने गाडी थांबत नाही. क्रँक पोझिशन सेन्सर गेला तर मात्र सेल मारत राहा, गाडी सुरू होणार नाही. भाग स्वस्त आहे. या गाड्यांचे जुने मालक एक सेन्सर गाडीत ठेवूनच फिरतात.

या गाड्यांना इंजिन मारत नाही, मीठ मारतं. मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात हे तुम्हाला पहिल्याच डिसेंबरात कळेल. मागच्या वर्षी आपल्याकडचाच एक तरुण टीजे या जुन्या पिढीची रँग्लर घेऊन आला. ४.०चं इंजिन, आवाज घड्याळासारखा, रंग नवा. गाडी घेतलेली नव्हती, विकणाऱ्याने एक दिवस दाखवायला दिली होती. लिफ्टवर चढवली तर खालची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, काळी कुळकुळीत, कालच रंगवल्यासारखी. मला तिथेच शंका आली. मागच्या चाकापुढे, जिथे सस्पेन्शनचा खालचा दांडा चासीला येऊन मिळतो, तिथे जाडसा स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तळहाताने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून तांबूस पापुद्रे पडत राहिले, मूठभर तरी. त्या चासीची पोकळी आतून कुजते, बाहेरून दिसत नाही, आणि वरून डांबरी रंग मारला की दोन महिने कोणालाही फसवता येतं. पोराचा चेहरा उतरला, पण त्याचे ९,००० डॉलर वाचले. जुनी जीप घ्यायचीच असेल तर टेक्सास, ॲरिझोना, न्यू मेक्सिको इकडची कोरड्या हवेतली बघा. आणायचा खर्च चासी वेल्ड करण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

आता तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याकडे येतो. २०११च्या मॉडेलात नवी ग्रँड चेरोकी आली. तिचा पाया मर्सिडीजच्या एमएलशी जुळणारा, डाइम्लर काळात ठरलेला, आणि इंजिन नवं, ३.६ लिटरचं व्ही-सहा पेंटास्टार. चालवायला ती गाडी सुंदर आहे, अजूनही. पण पहिल्या तीन वर्षांत दोन मोठी दुखणी निघाली. एक, पेंटास्टारच्या डाव्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका झिजून एक सिलिंडर मिस करायचा. कंपनीने ते मान्य करून त्या हेडची वॉरंटी १० वर्षं किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली. दुसरं, टीआयपीएम नावाचा पेटारा. सगळे फ्यूज, रिले आणि विजेची वाटणी त्या एका डब्यात. त्यातला फ्यूएल पंपचा रिले खराब झाला की चालती गाडी बंद पडायची, किंवा सुरूच व्हायची नाही. २०१४ साली अमेरिकेत २०११च्या सुमारे १,८९,००० गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. ज्याच्या नशिबी ही दोन्ही दुखणी एका वर्षात आली, त्याने जीपला शिव्या दिल्या तर मी त्याला दोष देणार नाही. रात्री, थंडीत, मूल मागच्या सीटवर असताना गाडी बंद पडणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

२०१४ला ग्रँड चेरोकीत आठ गिअरचा, जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या आराखड्याचा गिअरबॉक्स आला आणि तो खरोखर चांगला आहे. पण त्याच्याबरोबर गिअर टाकायचा जो दांडा दिला तो प्रत्येक वेळी मधोमध परत यायचा. गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला कळायचं नाही, दिव्याकडे पाहावं लागायचं. लोक गाडी पार्कमध्ये आहे असं समजून उतरायचे आणि ती घरंगळायची. एप्रिल २०१६मध्ये जगभरातल्या ११ लाख गाड्या त्यासाठी परत बोलावल्या. त्यानंतर दोनच महिन्यांत, जूनमध्ये, अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता घराच्या उतारावर स्वतःच्याच घरंगळलेल्या ग्रँड चेरोकी आणि फाटकाच्या खांबामध्ये चिरडून गेला. २०१६च्या मॉडेलात तो दांडा बदलला. तुम्ही २०१४ किंवा २०१५ची गाडी बघत असाल तर हे काम झालंय का, हा पहिला प्रश्न. झालं नसेल तर ते डीलर फुकट करून देतो. ते झाल्याशिवाय गाडी घरी आणू नका.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि आमच्या धंद्याचा चेहराच तिने बदलला. २०१५ साली चार्ली मिलर आणि क्रिस वॅलासेक या संगणक सुरक्षेच्या दोन अभ्यासकांनी घरबसल्या, इंटरनेटवरून, महामार्गावर धावणाऱ्या २०१४च्या चेरोकीचा गिअरबॉक्स निकामी करून दाखवला. शिरकाव झाला तो गाणी लावायच्या पडद्यातून. १४ लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. त्या दिवसापासून मी जुनी गाडी तपासताना पाना हातात घेण्याआधी लॅपटॉप जोडतो. त्याच चेरोकीचा नऊ गिअरचा गिअरबॉक्सही सुरुवातीची काही वर्षं धक्के द्यायचा. एकामागून एक सॉफ्टवेअर आली, बऱ्याच गाड्या सुधारल्या, काही नाही सुधारल्या. त्या पिढीतली २.४ लिटरची टायगरशार्क इंजिनं ऑइल पितात, आणि ऑइल फार उतरलं की चालता चालता बंद पडतात. कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. तुमच्या यादीत ती गाडी नाही, तर नसूच द्या.

सर्वेक्षणांचं तुम्ही विचारलं आहे. जे. डी. पॉवर आणि कन्झ्यूमर रिपोर्ट्स या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांच्या विश्वासार्हतेच्या याद्यांत जीप बरीच वर्षं तळाकडे असते, हे खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. फक्त आकडा कसा बनतो ते समजून घ्या. जे. डी. पॉवर तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारतं आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजतं. फोन जोडला जात नाही ही एक तक्रार, गिअरबॉक्स गेला ही पण एक तक्रार. बारा वर्षांच्या गाडीचं काय होईल हे त्या यादीला विचारण्यात अर्थ नाही. आणि एकाच नावाखाली रँग्लर, ग्रँड चेरोकी, रेनेगेड, कंपास यांची सरासरी काढली की हाती जे येतं ते कुठल्याच गाडीला लागू पडत नाही. दुसऱ्या बाजूला, याच तक्रारी करणारे रँग्लरचे मालक पुन्हा रँग्लरच घेतात आणि जुन्या रँग्लरची किंमत पडत नाही. तुमच्या १२,००० डॉलरमध्ये ग्रँड चेरोकी तरुण मिळेल आणि रँग्लर म्हातारी, ती त्यामुळेच.

पेंटास्टारबद्दल एक सविस्तर सांगतो, कारण तुम्ही घ्याल त्या गाडीत बहुधा तेच असेल. २०१४ नंतरचं हे इंजिन मी माझ्या बहिणीला घ्यायला सांगितलं असतं, इतकं मला मान्य आहे. पण त्याला दोन गोष्टी जपाव्या लागतात. दोन्ही बाजूंच्या हेडांच्या मध्ये, इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली, ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं घर आणि कूलर एकत्र बसवलेला आहे. उष्णतेने ते प्लास्टिक वर्षानुवर्षं कडक होत जातं. एक बाई गेल्या हिवाळ्यात गाडी घेऊन आल्या. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना सांगितलं होतं की इंजिनाचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ऑइल खरोखरच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत होतं. मी खालून बघायचं सोडून वरून टॉर्च मारला. इनटेकच्या मागच्या फटीतून आत पाहिलं तर व्हीच्या खोबणीत ऑइलचं तळं साठलेलं. ते भरलं की मागच्या कडेवरून खाली ओघळतं आणि सील गेल्यासारखं दिसतं. इनटेक उतरवला. फिल्टरच्या झाकणाच्या आट्यांपाशी घराला केसासारखी बारीक चीर होती. त्या झाकणावर २५ न्यूटन मीटर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कोणीतरी घाईत ऑइल बदलताना लांब पान्याने ताकद लावून ते आवळलं होतं. ॲल्युमिनियमचं घर बसवलं, दुपारपर्यंत गाडी गेली. गिअरबॉक्स उतरवला असता तर बाईंचे पैसे गेले असते आणि ठिबकणं तसंच राहिलं असतं. अशा प्रसंगानंतर माणूस म्हणतो "जीप भिकार आहे", आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं.

दुसरी गोष्ट टकटक. पेंटास्टारच्या रॉकर आर्ममध्ये बारीक सुयांची बेअरिंग असतात. ती झिजली की ठेक्यात टकटक ऐकू येते, आणि दुर्लक्ष केलं तर कॅमशाफ्टही झिजतो. गाडी गार असताना सुरू केल्यावर एखादा सेकंद आवाज येऊन थांबला तर काळजी नको. गरम झाल्यावरही टकटक चालू राहिली तर रॉकर आणि कदाचित कॅमसुद्धा बदलायचा खर्च धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. ऑइल ५,००० मैलांना बदला. गाडीचा संगणक त्याहून उशिरा सांगतो, त्याचं ऐकू नका.

रँग्लरकडे मन ओढत असेल तर 'डेथ वॉबल' हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. रँग्लरला पुढे आजही सलग एक्सल आहे, तोच तिचा डोंगरातला जीव. ५०-५५ मैलांच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेलं की पुढची दोन्ही चाकं एकमेकांना हलवायला लागतात आणि स्टीअरिंग हातातून सुटेल असं थरथरतं. वेग उतरवला की थांबतं. पहिल्यांदा ज्याला येतं तो हादरतो. लोक स्टीअरिंगचा डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारी नळी, बदलून घेतात. त्याने थरथर झाकली जाते, जात नाही. २०१८-१९च्या नव्या जेएल पिढीलाही कंपनीने सुधारलेला डॅम्पर दिला होता. जुन्या गाडीत खरं कारण बहुतेक वेळा एक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या ट्रॅक बारच्या बोल्टपाशी किंवा बॉल जॉइंटपाशी सापडतं, आणि उंची वाढवून मोठी चाकं बसवलेल्या गाडीत जास्त. घेण्याआधी हे करा: गाडी सपाट जागी चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. मित्राला स्टीअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे भराभर हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून पुढे वाकून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांकडे बघा. बार हलायच्या आधी बोल्ट त्याच्या भोकात सरकताना दिसला, किंवा 'टक' असं ऐकू आलं, की दोष सापडला. तेवढ्यावर गाडी सोडू नका, हे काम महाग नाही. फक्त दुरुस्त झाल्याशिवाय महामार्गावर नेऊ नका.

रँग्लरच्या जेके या पिढीत, २००७ ते २०११च्या गाड्यांत, ३.८ लिटरचं इंजिन आहे. मला ते आवडत नाही. वजनाला ताकद कमी पडते आणि बऱ्याच गाड्या ऑइल खातात. २०१२-१३ला पेंटास्टार आलं पण डाव्या हेडची तीच शंका, आणि वाढवलेली वॉरंटी आता वयाने संपलेली. म्हणून रँग्लर हवी तर २०१४ किंवा पुढची बघा आणि मैल जास्त असले तरी चालतील. चार्ज करायची ४एक्सई ही हायब्रिड जीप तुमच्या पैशात येणार नाही, तरी कोणी स्वस्तात देऊ केली तर माहीत असू द्या: २०२४च्या सप्टेंबरात बॅटरीला आग लागायच्या भीतीने अमेरिकेतल्या दीड लाखांवर गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना त्या घराबाहेर, इमारतीपासून दूर उभ्या करायला सांगितलं.

तुमची रोजची ये-जा ४० मैलांची आहे, घरात दुसरी गाडी नाही आणि जानेवारीत वेळेवर ऑफिसला पोचणं भाग आहे. हे धरून माझं मत २०१६ किंवा २०१७ची ग्रँड चेरोकी, ३.६ लिटर, आठ गिअर, हवेचं सस्पेन्शन नसलेली. एअर सस्पेन्शन थंडीत गळायला लागलं की दुरुस्तीचं बिल बघवत नाही. साधी स्प्रिंगची घ्या. किमतीशिवाय १,५०० ते २,००० डॉलर पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसतील तर गाडी त्या प्रमाणात स्वस्त बघा. मनातली ४.०ची जुनी चेरोकी दुसरी गाडी म्हणून पुढे कधीतरी घ्या. ती प्रेमाने ठेवायची गाडी आहे, आणि पंचवीस वर्षांच्या गाडीवर पहिली नोकरी टांगू नये असं मला वाटतं.

गाडी पक्की वाटली की विकणाऱ्याकडून व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मागवा. त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं. ३.६ पेंटास्टारला जी, जुन्या ४.०ला बहुतेक वेळा एस. तोच नंबर अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या (एनएचटीएसए) साइटवर टाकला की रिकॉलची, म्हणजे गाडी परत बोलावून करायची, कोणती कामं राहिली आहेत ते फुकट कळतं. मग त्याला सांगा की मी सकाळी येतो, आणि येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर विचारा, का सुरू केली होती. गार असेल तर स्वतः सेल मारा, रेडिओ आणि हीटर बंद ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐका, आणि मग टॉर्च घेऊन इनटेकच्या मागे बघा. ग्रँड चेरोकीची बॅटरी पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली असते, तिची तारीखही बघा. बॅटरी मरायला आली की या गाड्या डझनभर खोटे दिवे लावतात आणि माणूस गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरतो. शेवटी लिफ्टवर चढवायला शनिवारी सकाळी नऊच्या आधी आणा, तेव्हा मी मोकळा असतो. येताना जाडसा स्क्रू ड्रायव्हर मात्र आणू नका, तो माझ्याकडे आहे.